मुरुगनचा दिवा लुकलुकला नाही

१

बुधवारी दुपारी चार वाजून सव्वीस मिनिटांनी तीनशे बारा वधू-वर एकदम नाहीसे झाले.

नाहीसे झाले म्हणजे पळून गेले नाहीत. तेवढं धाडस त्यांच्यात असतं, तर त्यांच्या आईबापांनी वेळ्ळियंगिरींच्या विवाह माहिती केंद्राचा उंबरा झिजवलाच नसता. ते नाहीसे झाले कॉम्प्युटरातून. तीन महिने खपून भरलेली पत्रिकांची फाइल उघडली, तर आत पांढरंफटक. आणि पुढच्याच्या पुढच्या रविवारी केंद्राचा मोठा मेळावा.

गुरुवारी सकाळी अरसुला बोलावणं गेलं. अरसु हा कोइमतूरच्या गांधीपुरम भागात जिन्याखालच्या खोपटात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस. वय बावन्न, चष्मे दोन, बायको नाही. जेवण मेसमध्ये, तेही कोपऱ्यातल्या एकाच टेबलावर. यंत्र आलं की तो वहीत दोन रकाने पाडी: एकात मालक काय सांगतो, दुसऱ्यात यंत्र काय सांगतं. पंचवीस वर्षांच्या वह्यांचा त्याचा हिशेब असा होता की मालक दहातून सात वेळा खोटं बोलतो. यंत्राला तेवढी अक्कल नसते.

"या, या अरसु. बसा. कॉफी घ्या," वेळ्ळियंगिरी म्हणाले. "आणि या बाईसाहेबांनी आमचं कसं वाटोळं केलंय ते बघा."

कोइमतूरकडचा माणूस शिवीसुद्धा अहो-जाहो घालून देतो. बाईसाहेब म्हणजे पूंगुळली, केंद्रातली टायपिस्ट. अठ्ठावीस वर्षांची, बारीक अंगाची. खुर्चीच्या मागे भिंतीला टेकून ती उभी होती. आपल्याच खुर्चीत बसायची तिला बंदी झाली होती.

"नवरात्रातल्या आयुधपूजेपासून हे चाललंय," वेळ्ळियंगिरी बोटं मोडत म्हणाले. "मी दुपारी तीनला घरी जातो, पाचला येतो. मशीन बंद पडतं ते बरोबर त्या दोन तासांत. मी असताना एकदाही नाही! माझा मेहुणा म्हणतो, पीळमेडू भागातल्या त्या दुसऱ्या केंद्रात आपलीच स्थळं दिसतात. मग सांगा, फाइल विकली कोणी आणि पुसली कोणी?"

"करंट जात असेल."

"करंट?" वेळ्ळियंगिरींनी भिंतीवरच्या मुरुगनच्या तसबिरीकडे हात केला. तसबिरीभोवती लाल-हिरव्या बारीक दिव्यांची माळ जळत होती. "मशीन पडतं तेव्हा मुरुगनचा दिवा लुकलुकतसुद्धा नाही, हे ही स्वतःच सांगते. पडदाही चालू असतो. करंट आहे, देव साक्षीला आहे. मग बटण दाबणारा हात कोणाचा?"

अरसुने पूंगुळलीकडे पाहिलं, तर ती मुरुगनकडे बघत होती. साक्षीदार फितूर झाल्यावर बघावं, तशी.

२

वेळ्ळियंगिरी फोनवर एका मुलीच्या बापाला मुलाची उंची दोन बोटं वाढवून सांगू लागले, तेवढ्यात अरसुने कॉम्प्युटरच्या डब्याच्या मागची वायर उपसली. त्या वायरीचं दुसरं टोक लोखंडी कपाटाच्या मागे गेलं होतं. ते तसंच राहू दिलं. मग त्याने यूपीएसचा, म्हणजे करंट गेला की बॅटरी पुरवणाऱ्या पेटीचा, भिंतीतला प्लग काढून पाहिला. यूपीएस टीऽऽ टीऽऽ करू लागला, पण पडदा जळत राहिला आणि मुरुगनची माळही. प्लग परत लावून त्याने वहीत लिहिलं: यूपीएस ठीक.

ही त्याची चूक होती. पण ती कळायला मंगळवार उजाडायचा होता.

"अम्मणी, मशीन पडतं तेव्हा काय दिसतं?" अरसुने पूंगुळलीला विचारलं. तिकडे पोरीबाळींना अम्मणी म्हणतात.

"पडद्यावर 'सिग्नल नाही' असा चौकोन फिरतो. मग डबा आपला आपण पुन्हा सुरू होतो."

"काही आवाज? वास?"

"नाही अण्णा. नेहमीचंच सगळं."

"बुधवारी चार सव्वीसला काय करत होतीस?"

"काम."

"कुठलं काम?"

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "पत्रिका भरत होते."

"कोणाची?"

ओढणीचं टोक पुन्हा बोटाभोवती गेलं. अरसुने वहीत मालकाच्या रकान्याशेजारी एक नवा रकाना पाडला आणि तो मोकळा ठेवला.

डबा उचलून तो बाहेर पडला. फाटकाशी वरच्या मजल्यावरची म्हातारी, पावायम्मा, एका गायीपुढे मोठ्या पातेल्यातून पांढरं काहीतरी ओतत होती. घर तिचं होतं. वेळ्ळियंगिरींचं केंद्र ज्या खोलीत होतं, तिथे पूर्वी तिच्या नवऱ्याचं मोटारी वाइंड करायचं दुकान होतं. कोइमतूरच्या निम्म्या पंपांच्या पोटातली तार कधी ना कधी त्या खोलीतून गेली असेल.

"कण्णु, मशीनला बरं नाही का?" म्हातारीने विचारलं. सगळ्यांनाच ती कण्णु, म्हणजे बाळा, म्हणे.

"बघतो, अम्मा."

"एकटं ठेवलं की यंत्राला ओल धरते," ती म्हणाली आणि पातेलं पालथं घालून जिना चढून गेली. पातेलं आठ माणसांचं होतं. वर माणूस एक होतं.

अरसुने ते पाहिलं, आणि वहीत लिहिलं नाही. यंत्राशी संबंध नव्हता.

३

दुकानात डब्याला काही झालेलंच नव्हतं.

अरसुने रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासले. पंख्यातली धूळ झाडली. डब्याच्या कपाळावर आयुधपूजेचा चंदनाचा टिळा होता, तो तेवढा राहू दिला. मग गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तीन दिवस त्याने ते यंत्र राबवलं. एकदाही शिंकलं नाही. दुखणेकरी डॉक्टरकडे पोचला की ठणठणीत होतो, तसला प्रकार.

पण प्रत्येक कॉम्प्युटर पोटात एक रोजनिशी ठेवतो. अचानक मेला, तर पुन्हा जागा झाल्यावर पहिली ओळ लिहितो: अमुक तारखेला, अमुक वाजता मी न सांगता बंद पडलो. अरसुने ती उघडली. आयुधपूजेनंतरच्या नोंदी एकाखाली एक उतरवून घेतल्या. बुधवारच्या दोन होत्या: तीन त्रेचाळीस, चार सव्वीस.

हरवलेली फाइलही सापडली. नाव शाबूत, आकार शून्य. तिच्यावर शेवटचा हात पडला होता चार सव्वीसला. म्हणजे पोरगी फाइल जपून ठेवायचं बटण दाबत असताना यंत्र मेलं, आणि अर्धवट लिहिलेली फाइल रिकामी झाली. पुसणारा माणूस जपून ठेवायचं बटण कशाला दाबेल?

आणखी खणल्यावर त्याला चार एकोणीसची एक प्रत मिळाली. प्रोग्रॅम मधूनमधून स्वतःपुरती काढून ठेवतो, तसली. तीनशे बारा वधू-वर सगळे सुखरूप. मुलांचे पगार जसे बापांनी फुगवले होते तसेच फुगलेले, मुलींची वयं जशी आयांनी आटवली होती तशीच आटलेली.

आणि खाली तीनशे तेरावी ओळ.

जन्म, वेळ, नक्षत्र, शिक्षण भरलेलं. शेवटचा रकाना, 'पत्रिका कोणी आणली, नातं', रिकामा. लिहिणारीचा हात तिथेच अडला होता.

नाव वाचून अरसुने चष्मा काढला, पुसला, आणि दुसरा चष्मा लावून पुन्हा वाचलं.

४

"पुसून टाका अण्णा," पूंगुळली म्हणाली.

सोमवारी सकाळी केंद्राबाहेर, शहाळ्याच्या गाडीशी दोघं उभे होते. वेळ्ळियंगिरी अजून यायचे होते.

"माझी पत्रिका आणणारं कोणी नाही. आई-वडील लहानपणी गेले, मावशीने वाढवलं, तीही आडी महिन्यात, ऐन आषाढात, गेली. होस्टेलवरच्या मुलींच्या घरचे पत्रिका घेऊन फिरतात. माझी मीच टाइप केली. मालकांना कळलं तर म्हणतील, पगार घेऊन दुकानात नवरा धुंडाळते."

"आणि नाही कळलं तर चोर म्हणतील."

"चोर परवडलं."

अरसुने मान हलवली. त्याची स्वतःची पत्रिका वेळ्ळियंगिरींच्या वडिलांच्या वेळेपासून त्याच लोखंडी कपाटात होती. कडक मंगळ. वेळ्ळियंगिरी वर्षातून एकदा ती काढून धूळ झाडत आणि म्हणत, "अरसु, मंगळावर माणूस जाईल, पण तुमच्या घरी येणार नाही." आणणारा नसला म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं.

त्याने शेवटची ओळ उडवली, मग फाइल वेळ्ळियंगिरींच्या हवाली केली. ओळ उडवण्याआधी तिचा एक कागद छापून खिशात घातला होता. का, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

वेळ्ळियंगिरी फाइल बघून नाचायचेच बाकी राहिले, पण पोरीवरचा राग काही उतरेना.

"फाइल आली, बरं झालं. पण बटण कोण दाबतं? आणि पीळमेडूला स्थळं कशी गेली?"

अरसुने कपाटातल्या पाच पत्रिका काढून टेबलावर टाकल्या. तीन पत्रिका पीळमेडूच्या केंद्राच्या पाकिटातूनच आलेल्या होत्या.

"आईबाप एक पत्रिका चार दुकानांत देतात. पाकीटसुद्धा नवं घेत नाहीत."

"ते राहू दे," वेळ्ळियंगिरी ओशाळून म्हणाले. "पण मशीनचं काय? उद्या संध्याकाळपर्यंत सांगा. परवापासून मेहुण्याची मुलगी येते. आणि हिला मी कुठे शिफारशीची चिठ्ठी देणार नाही. जिथे जाईल तिथे मला विचारतीलच."

चिठ्ठी नाही म्हणजे नोकरी नाही. नोकरी नाही म्हणजे होस्टेलची खाट नाही. पूंगुळलीने हा हिशेब आधीच केलेला दिसला. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

अरसु दिवसभर यंत्रापाशी बसला. तीन वाजले, चार वाजले, पाच वाजले. यंत्र ढिम्म. वेळ्ळियंगिरी आले आणि गोड हसले.

"बघा. तुम्ही शेजारी बसलात, बोट हललं नाही, मशीन पडलं नाही!"

मेसमध्ये भात कालवता कालवता अरसुने नोंदींचा कागद टेबलावर पसरला. वेळा जोडीने होत्या: एक पावणेचारच्या आसपास, दुसरी त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी. वार मात्र वेडेवाकडे. शुक्रवार. सोमवार. गुरुवार. मग थेट बुधवार. त्याने मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. गुरुवारनंतर तिसरा दिवस रविवार. केंद्र बंद, रोजनिशी कोरी. त्याच्या पुढचा तिसरा, बुधवार!

दिवाळीत पूंगुळली चार दिवस रजेवर होती, यंत्र झाकलेलं होतं. त्या चार दिवसांतूनही मोजणी सरळ पार गेली होती. रजा संपल्यावर जो वार यायला हवा, तोच आला होता.

म्हणजे जे कोणी मोजत होतं, ते रविवार पाळत नव्हतं. पोरगी नसली तरी मोजतच होतं.

अरसुने बुधवारवरून बोट पुढे सरकवलं. शनिवार, तेव्हा यंत्र त्याच्याकडे होतं. नंतर मंगळवार.

उद्या.

५

"आज तुम्ही बसा या खुर्चीत," मंगळवारी तीन वाजता अरसु म्हणाला.

"मी? मला टाइप येत नाही."

"एकाच अक्षरावर बोट ठेवा. अम्मणी, तू रस्त्यापलीकडे शहाळ्यावाल्यापाशी जा. दोन्ही हात दिसतील अशी उभी राहा."

"हे काय नाटक?"

"वेळ्ळियंगिरी, तुमची झोप आज माझ्यासाठी बुडवा. कॉफी मी पाजतो."

वेळ्ळियंगिरी कुरकुरत बसले. साडेतीन झाले. पूंगुळली उन्हात हात पुढे धरून उभी होती. भीक मागणाऱ्यासारखी दिसते, असं अरसुला वाटलं, आणि त्याने नजर घड्याळावर आणली. तीन चाळीस. वेळ्ळियंगिरींना डुलकी लागू पाहत होती. तीन बेचाळीस.

तीन चव्वेचाळीसला टक् झालं आणि पडद्यावर 'सिग्नल नाही' चा चौकोन फिरू लागला.

"अय्यो मुरुगा!" वेळ्ळियंगिरींनी हात असा उचलला, जसा काही कळफलक चावला. "मी काही केलं नाही!"

"तेच ती सहा आठवडे सांगते आहे."

वेळ्ळियंगिरींनी तसबिरीकडे पाहिलं. माळ मजेत जळत होती. "पण दिवा तर..."

"आता देवाचीच उलटतपासणी घेऊ." अरसु गुडघ्यांवर बसला आणि मुरुगनच्या माळेच्या वायरीवर बोट ठेवून सरकत गेला. वायर खाली आली, टेबलामागे गेली, आणि यूपीएसमध्ये शिरली. शेजारी पडद्याचा प्लग, त्याच्या शेजारी प्रिंटरचा. जागा संपली. मग त्याने डब्याची वायर धरली. ती कपाटामागून गेली आणि थेट भिंतीतल्या जुन्या बोर्डात.

"आयुधपूजेला सगळं काढून पुसलंत ना? परत प्लग कोणी लावले?"

"मीच," वेळ्ळियंगिरी हळू म्हणाले. "दर वेळी करंट गेला की देवापुढे अंधार होतो. नवी माळ आणली होती. म्हटलं, देवाला तरी अंधारात ठेवू नये."

"म्हणून देवाला बॅटरी दिलीत आणि डब्याला वाऱ्यावर सोडलंत. पडदाही बॅटरीवर. व्होल्टेज क्षणभर बसलं की एकटा डबाच मरायचा, बाकी सगळे हसतमुख. साक्षीदाराचं पोट भरलेलं होतं. त्याला दुष्काळ काय दिसणार? मीही फसलो. यूपीएस तपासला तेव्हा डब्याची वायर आधीच उपसली होती."

"पण व्होल्टेज बसतं कशाने? तेही तिसऱ्या दिवशी?"

"आता गप्प बसा. काय ऐकू येतं?"

वेळ्ळियंगिरींनी कान दिला. "काही नाही."

"नीट ऐका."

रस्त्यावरून रिक्षा गेली. मग ती गेल्यावर जे उरलं, ते ऐकू आलं. इतकं रोजचं की कानांनी त्याला कधीच हिशेबात धरलं नव्हतं. घर्रऽऽ घर्रऽऽ, डोक्यावरून.

वरच्या मजल्यावर दगड फिरत होता.

६

पावायम्माच्या स्वयंपाकघरात जुना मोठा दगडी ग्राइंडर होता. उडीद त्यात फुगून वर येत होता. शेजारी भिजवलेल्या तांदळाचं पातेलं वाट बघत होतं.

"आधी उडीद, मग तांदूळ," अरसु म्हणाला. "मध्ये पाऊण तास."

"दुसरं कसं करतात, कण्णु?" म्हातारी म्हणाली.

भिंतीवरची जाड वायर खिडकीतून खाली उतरली होती. खाली वाइंडिंगचं दुकान होतं तेव्हा घरातली सगळ्यात दमदार लाइन तीच. नवऱ्याने बायकोच्या ग्राइंडरला तिथूनच तोंड लावून दिलं होतं. आता सांधे सैल झाले होते. मोटर उठताना करंटचा एक मोठा घोट घेई, आणि तेवढ्यात त्याच बोर्डावर टांगलेल्या डब्याचा घसा कोरडा पडे.

"ही मोटर त्यांनी स्वतः वाइंड केली," पावायम्माने ग्राइंडरच्या पोटावर हात ठेवला. "जाताना म्हणाले, पावायी, तिसऱ्या दिवशी फिरव, नाहीतर तारेला ओल धरेल. आणि दगड कधी रिकामा फिरवू नकोस, झिजतो. दोन वर्षं झाली. एक दिवस चुकवला नाही."

"रविवारीसुद्धा नाही," अरसु म्हणाला.

"ओल रविवार बघते का?"

"आणि इतकं पीठ खातं कोण, अम्मा?" वेळ्ळियंगिरींनी विचारलं. सहा वर्षांचा भाडेकरू, पण हे विचारायची त्यांची पहिलीच वेळ.

"मी दोन इडल्या खाते. मुलगा होसूरला, मुलगी दुबईला. हा दगड याहून कमी घेत नाही. उरलेलं आंबलं की गायीला." तिने कडेचं पीठ बोटाने आत लोटलं. "पीठ नको असतं मला, कण्णु. आवाज हवा असतो. खोकले तरी असेच खोकायचे ते, घरघर करून."

दगड फिरत राहिला. पूंगुळली जिन्यातच थांबली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

म्हातारीचा हात बटणाकडे गेला. "माझ्यामुळे या पोरीवर आळ आला? बंद करते. कायमचा."

"हात लावू नका," अरसु म्हणाला. "दगड फिरू दे. दोन प्लग बदलले की झालं. डबा बॅटरीवर, मुरुगन भिंतीवर. करंट गेला तर देवाला दहा मिनिटं अंधारात बसवेल. त्याला सवय आहे, डोंगरावर राहतो."

वेळ्ळियंगिरी खाली गेले आणि स्वतः गुडघ्यांवर बसून त्यांनी प्लग बदलले. चार एकोणतीसला वर तांदूळ पडला, मोटर पुन्हा उठली. मुरुगनची माळ पापणी लवावी तशी लवली. डबा चालू राहिला.

"बसा, अम्मणी," वेळ्ळियंगिरी खुर्ची पुढे करत पूंगुळलीला म्हणाले. माफीचा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. पण खुर्ची त्यांनी रुमालाने पुसली होती.

७

वर, दगड पुसता पुसता म्हातारीने अरसुला विचारलं, "पोरगी त्या वेळी टाइप तरी काय करत होती?"

अरसुने खिशातला कागद काढला, जिन्याकडे पाहिलं. पूंगुळली खाली गेली होती. दुसऱ्याचं गुपित उघड करायचा त्याला हक्क नव्हता, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने कागद दिला.

पावायम्माला वाचता येत होतं, पण सावकाश. तिने शेवटच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं, आणि तिथेच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ती धुवट साडी नेसून खाली उतरली. एका हातात ताट: विड्याची पानं, सुपारी, केळी, आणि वर चारी कोपऱ्यांना हळद लावलेला कागद. अरसु उरलेला सांधा घट्ट करायला आला होता, तो स्टुलावरून बघत राहिला.

"पत्रिका आणली आहे," ती वेळ्ळियंगिरींना म्हणाली. "लिहून घ्या."

वेळ्ळियंगिरींनी कागद वाचला, पूंगुळलीकडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला. पूंगुळलीचा चेहरा पांढरा पडला होता. तिने अरसुकडे जे पाहिलं, त्यात आधी राग होता, आणि राग संपायच्या आत तिचे डोळे भरले.

"अम्मा, तुम्ही हिच्या कोण?" वेळ्ळियंगिरींनी नियमाप्रमाणे विचारलं. "नात्याचा रकाना असतो."

"तुम्ही माझ्या घरात सहा वर्षं आहात, मी तुम्हाला कधी विचारलं तुम्ही माझे कोण? लिहा, पाट्टी."

पाट्टी म्हणजे आजी. वेळ्ळियंगिरींनी क्षणभर छताकडे पाहिलं. मग ते पूंगुळलीला म्हणाले, "टाइप करा. तीनशे तेरा. आणि उंची दोन बोटं वाढवा."

"नको," ती म्हणाली. "आहे तीच राहू दे."

ती टाइप करू लागली. जपून ठेवायचं बटण तिने तीनदा दाबलं.

अरसु निघाला तेव्हा पावायम्माने त्याच्या हातात झाकणाचा डबा दिला. "कालचं पीठ आहे. घट्ट झाकू नकोस, चढेल. दर तिसऱ्या दिवशी, दगड फिरतो तेव्हा, डबा परत आणायचा."

"अम्मा, मी एकटा. मेसमध्ये खातो."

"म्हणूनच तर थोडंच दिलंय."

थोडं म्हणजे चार माणसांचं होतं. त्याने घरी आणून थंड कोपऱ्यात ठेवलं, झाकण लावलं, आणि विसरला.

गुरुवारी पहाटे तो उठला तेव्हा स्वयंपाकघरात टण् असा आवाज झाला. या घरात त्याच्याआधी काही जागं होण्याची ही पहिलीच वेळ. तो जाऊन बघतो तर पीठ रात्रभर फुगून वर आलं होतं, झाकण ढकलून जमिनीवर पाडलं होतं.

त्याने झाकण उचललं, पुसलं. मग कॅलेंडरपाशी गेला, आणि शुक्रवारभोवती पेन्सिलीने एक गोल काढला.